खिडकीजवळची खुर्ची

वैद्यकीय कामासाठी काढलेले छायाचित्र आणि माणसाचे छायाचित्र या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जखमेचे छायाचित्र घेताना मी सर्व बाजूंनी सारखा उजेड राखतो, सावली टाळतो, शेजारी मोजपट्टी ठेवतो आणि प्रत्येक वेळी अंतर तेच ठेवतो. पुढच्या आठवड्यात तुलना करता यावी, एवढाच तेथे हेतू. माणसाचे छायाचित्र घेताना हे नियम उलटतात. सावली हवीशी होते, अंतर बदलावे लागते आणि चौकटीत काय घ्यायचे, काय बाहेर ठेवायचे, हे ठरवावे लागते. रविवारी सकाळी कॅमेरा घेऊन फिरण्याचा छंद मला अनेक वर्षांपासून आहे. पण या निवडीचे खरे मोल मला कळले ते एका रुग्णाच्या घरी.

त्या घरातील काका शहात्तर वर्षांचे. काकूंना सहा वर्षांपासून कंपवात, म्हणजे पार्किन्सन्सचा आजार. या आजारात हात थरथरतात हे बहुतेकांना ठाऊक असते. चेहऱ्याच्या स्नायूंची हालचाल मंदावून भाव उमटेनासे होतात, हे मात्र घरच्यांच्याही पुष्कळदा लक्षात येत नाही. “ही हसतच नाही, डॉक्टर. माझ्यावर रागावली आहे की काय, तेच कळत नाही,” असे काका मला म्हणाले होते. परदेशातील मुलगा आईचा फोटो मागे आणि काकू हात पदराखाली लपवून तोंड फिरवत.

काकांनी मला फोटो कसा काढावा ते विचारले. मी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, फ्लॅश बंद ठेवावा. समोरून पडणारा प्रखर झोत सावल्या पुसतो आणि चेहरा सपाट करतो. अंधाऱ्या खोलीत बाहुल्या विस्फारलेल्या असल्याने तो झोत डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांवरून परततो व डोळे लाल दिसतात. दुसरी, खुर्ची खिडकीजवळ अशी ठेवावी की उजेड बाजूने येईल. खिडकी पाठीशी असली की चेहरा काळवंडतो. बाजूला असली की एक गाल उजळतो आणि दुसऱ्यावर मऊ सावली पडते. ती फारच गडद वाटली, तर त्या बाजूला पांढरी चादर टांगावी. तिसरी, कॅमेरा समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरावा. बसलेल्या माणसाचा फोटो उभ्याने काढला की तो केविलवाणा दिसतो. काकांचे गुडघे दुखरे असल्याने त्यांनी स्टूल घेतले.

एक अडचण मात्र राहिली. पांढऱ्या पातळात काकू बसल्या की पातळ करडे आणि चेहरा अंधारलेला येई. कॅमेरा समोरच्या दृश्याला मध्यम उजळ करू पाहतो, म्हणून पांढरे अधिक दिसले की तो उजेड कमी करतो. मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड थोडा वाढवला की काम भागते. हे काकांना एका सकाळीच जमले.

उतारवयात हे शिकता येते का, अशी शंका कोणी काढली की मला जुलिया मार्गारेट कॅमेरॉन आठवतात. १८१५ साली कलकत्त्यात जन्मलेल्या या बाईंना वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, १८६३ मध्ये, मुलगी-जावयाने कॅमेरा भेट दिला. त्यांनी १८६७ साली टिपलेले वृद्ध शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांचे छायाचित्र आजही पाहण्याजोगे आहे. विस्कटलेले पांढरे केस, अंधारातून उजळून येणारा चेहरा आणि त्यावरील प्रत्येक सुरकुती. म्हातारपण लपवण्याचा तेथे कोणताही प्रयत्न नाही.

काकांनी तर मला माहीत असलेलीच गोष्ट नव्याने दाखवली. या आजारातील कंप बहुधा हात स्वस्थ असताना जास्त असतो आणि हात कामात गुंतला की कमी होतो. काकू मोगऱ्याचा गजरा ओवू लागल्या की बोटे बरीच शांत होत, हे काकांनी हेरले. मग त्यांनी चौकटीतील रेषांच्या आधारे काकूंचा चेहरा वरच्या एक तृतीयांशावर आणि हात खालच्या बाजूला घेतले. ‘हस ना’ म्हणणे सोडून ते नुसते वाट पाहू लागले. काकूंचे हसू नाहीसे झाले नव्हते, त्याला उमटायला वेळ लागत होता.

औषधांचा डबा आणि वॉकर काका आधी बाजूला सारत. “हे खोटे तर होत नाही ना, डॉक्टर?” त्यांनी विचारले. माझ्या मते ते खोटे नव्हे, निवड आहे. फक्त ती निवड ज्याचा फोटो आहे त्याला विचारून व्हावी. काकू हळू आवाजात म्हणाल्या, “डबा काढा. वॉकर राहू द्या. त्याच्याच आधाराने तर मी अंगणापर्यंत जाते.”

दोन महिन्यांचे फोटो काकांनी मला दाखवले, तेव्हा मी डॉक्टर म्हणून सावध झालो. मोबाइलमध्ये प्रत्येक फोटोची वेळ नोंदलेली होती. सकाळच्या गोळीनंतरच्या तासा-दीड तासाने काढलेल्या फोटोंत चेहरा जागा होता; पुढची गोळी जवळ आली की तो निर्विकार होई आणि हात अस्पष्ट उमटत. ही नोंद मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवली. त्यांनी काकूंना तपासून गोळ्यांमधील अंतर बदलले आणि दुपारचे ताठरणे कमी झाले. असा बदल स्वतःच्या मनाने कोणीही करू नये. मात्र अशी नोंद अवश्य ठेवावी.

छायाचित्रकार स्वतः वृद्ध असेल, तर आणखी थोडे. वयानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर होते, बाहुली लहान राहते. साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. म्हणून मोबाइलच्या पडद्याचा उजेड वाढवावा आणि रंग फिके किंवा पिवळट वाटू लागल्यास मोतीबिंदूची तपासणी करून घ्यावी. पडद्यात पाहत मागे सरकू नये. चौकट हवी तेवढी रुंद नसेल, तर थांबून, मागे वळून पाहून मगच पाऊल टाकावे.

आजारी माणसाची देखभाल करताना आपण त्याच्याकडे दिवसभर पाहतो, पण ते पाहणे बहुधा गोळी, लघवी, जेवण यांपुरते असते. फोटोसाठी थांबलेली पाच मिनिटे वेगळी असतात. फोटो काढून झाला की तो त्या माणसाला दाखवावा. ‘नको’ म्हणाला, तर त्याच्यादेखत पुसून टाकावा. ‘राहू दे’ म्हणाला, तर मोठ्या आकारात छापून त्याला पलंगावरून दिसेल अशा ठिकाणी लावावा.