न गळणारी नळी

जुनी मोटार सुरू होईनाशी झाली की प्रत्येकाजवळ एक कारण तयार असते. बॅटरी उतरली, प्लग गेले, कार्ब्युरेटरमध्ये कचरा आला; आणि सर्वांत सोयीचे म्हणजे, गाडीचे वय झाले. वडिलांच्या माघारी आमच्याकडे राहिलेली 1978 सालची प्रीमियर पद्मिनी विकून टाकावी, हे घरातले मत या शेवटच्या कारणावरच पक्के होत चालले होते. मला मात्र तो निकाल वाटत होता, निदान नव्हे.

इटलीच्या फियाट 1100 या गाडीचा हा कुर्ल्यात घडलेला अवतार. टॅक्सीच्या काळ्यापिवळ्या वेषात तो 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत मुंबईत वावरत होता. चार सिलिंडरचे, 1089 सीसीचे हे इंजिन आपले दुखणे कोणत्याही पडद्यावर दाखवीत नाही. त्याला प्रश्न विचारावे लागतात, आणि तेही क्रमाने.

आमच्या मिस्त्रींनी हा क्रम सोडला नाही. सेल्फ मारला की इंजिन जोमाने फिरत होते. म्हणजे बॅटरी निर्दोष. प्लग काढून त्याचे अंग इंजिनाच्या धातूला टेकवले, तर निळी ठिणगी पडली. म्हणजे पॉइंट आणि कॉइलही सुटले. प्लग मात्र कोरडा होता. चोक ओढून इतका वेळ सेल्फ मारल्यावर तो पेट्रोलने ओला व्हायला हवा होता. कार्ब्युरेटरच्या तोंडात थोडे पेट्रोल घालताच इंजिन पेटले आणि काही क्षणांत विझले. शंका आता टाकी व पंप यांच्यामधल्या रबरी नळीवर आली.

ती नळी कुठेही गळत नव्हती. खाली एक डाग नव्हता, म्हणून आजवर तिच्याकडे कुणी पाहिले नव्हते. पण टाकीकडच्या या बाजूला पंप पेट्रोल ओढत असतो. तिथे चीर पडली तर पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते, आणि गाडी उभी राहिली की नळीतले पेट्रोल हळूहळू टाकीकडे परतते. आठवडाभराने किल्ली फिरवावी, तर पंपाच्या वाट्याला नुसती हवा. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्या काळचे रबर त्यासाठी घडवलेले नव्हते. इथेनॉलला टिकणारी हातभर नवी नळी बसवली आणि विक्रीची बोलणी थांबली.

वर्गात जुनी कादंबरी शिकवताना 'भाषा फार जुनी आहे' हे वाक्य दरवर्षी कानी येते. ते ऐकून आपण शिक्षक बहुधा पुस्तकाची थोरवी सांगू लागतो किंवा पुढच्या पिढीला दोष देतो. मी आता विचारतो, कोणत्या पानावर अडलात? पुष्कळदा उत्तर एखाद्या शब्दापाशी येऊन थांबते. 'आलवण' हे विधवेचे वस्त्र, एवढे ठाऊक नसले तर त्या परिच्छेदातले दुःख वाचणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. पानावर त्याचा डाग दिसत नाही. विद्यार्थी मुकाट्याने पान उलटतो, आणि आपण म्हणतो, पुस्तकाचे वय झाले.