पस्तीस टक्के, तरी नापास

नववीचा निकाल लावायचा होता. पत्रकात एका मुलीच्या नावापुढे टक्के छापले होते ३५.०० आणि शेजारीच शेरा होता ‘नापास’. तीनशेपैकी एकशे पाच गुण, बरोबर पस्तीस टक्के. आदल्या दिवशी याच संगणकावर तीच मुलगी पास दिसली होती.

निकालाचा हा छोटा प्रोग्राम माझ्या भाच्याने पायथनमध्ये लिहून दिलेला. त्याला फोन केला. म्हणाला, “मामू, सेटिंगची फाइल उघडा. गुणांना कशाने गुणायचं, तो आकडा काय लिहिलाय?”

लिहिलं होतं ०.३३३३३३.

तिथेच सगळं कळलं. पहिल्या दिवशी प्रोग्रामने शंभर भागिले तीनशे करून हा आकडा स्वतःजवळ पूर्ण ठेवला होता. बंद करताना फाइलमध्ये लिहिला तेव्हा दशांशाचे सहाच अंक उतरले. दुसऱ्या दिवशी तोच तुटका आकडा परत वाचला. १०५ गुणिले ०.३३३३३३ म्हणजे ३४.९९९९६५. छापताना दोनच अंक, म्हणून ३५.०० दिसलं, पण पास-नापास आतल्या आकड्यावर ठरलं.

एक तृतीयांश दशांशात संपत नाही, हे आपण मुलांना शिकवतो. संगणक शून्य आणि एक यांतच मोजतो. त्याच्याकडे तर साधा ०.१ सुद्धा संपत नाही. १९८५ साली ठरलेल्या आयट्रिपलई ७५४ या मानकाप्रमाणे तो अशी संख्या ठरावीक जागेत जवळात जवळ बसवतो. ती थोडी चुकते, ते चालतं. पण लिहून परत वाचताना तरी दुसरी चूक पडू नये. त्यासाठी ‘डबल’ प्रकारच्या संख्येचे १७ सार्थ अंक लिहिले की पुरतात. पायथनचं ‘रेप्र’ तर ३.१ आवृत्तीपासून तीच संख्या परत मिळेल इतके कमीत कमी अंक स्वतःच लिहितं. भाच्याने तेवढी एक ओळ बदलली. पत्रकात पस्तीस आले, शेरा ‘पास’.

मग मी म्हटलं, “अरे, भागाकार साठवतोसच कशाला? एकूण गुण तीनशे एवढंच लिही. पूर्णांक तुटत नाही.” तो हसला. “मामू, हे आधी सुचायला हवं होतं.” आता फाइलमध्ये ३०० आहे.

उर्दूत आम्ही अमानत म्हणतो, मराठीत तोच शब्द अनामत झाला. ठेवायला दिलेली वस्तू जशीच्या तशी परत करायची. फाइलकडेही आपण आकडा असाच ठेवायला देतो.

नववीत नापास झालेली मुलगी पुन्हा शाळेत येतेच असं नाही, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत पाहिलंय. त्या दिवशी ती ओळ माझ्या नजरेला पडली. पत्रक पन्नास नावांचं होतं. मी दमलेलो असतो तर सही करून मोकळा झालो असतो.