साठ ठोके

धावण्याच्या प्रत्येक शर्यतीत शेवटी एक रेषा असते आणि ती ओलांडली की शर्यत संपते, अशी आपली साधी समजूत असते. अमेरिकेत घोड्यांच्या दीर्घ पल्ल्याच्या ज्या शर्यती होतात, त्यांतील सर्वांत धाकट्या प्रकाराने ही समजूत मोडीत काढली आहे. या प्रकाराचे नाव 'लिमिटेड डिस्टन्स', म्हणजे मर्यादित पल्ला. अंतर २५ ते ३५ मैल, आपल्या मापात सुमारे ४० ते ५६ किलोमीटर. पन्नास मैल आणि त्याहून लांबच्या शर्यतींत घोड्याने रेषा ओलांडली की वेळ नोंदली जाते. मर्यादित पल्ल्यात रेषा ओलांडून घोडा आत आला तरी घड्याळ चालूच राहते. त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ६० वर उतरतात, तेव्हा ते थांबते. अर्ध्या तासात ठोके उतरले नाहीत, तर कितीही वेगाने आलेला घोडा 'पोहोचला' असे मानले जात नाही. सबब शर्यतीचा शेवटचा टप्पा उभ्याने काढायचा असतो, आणि तो स्वाराला कोणत्याही टाचेने वा चाबकाने कापता येत नाही.

या शर्यतींचे नियमन करणारी 'अमेरिकन एन्ड्युरन्स राइड कॉन्फरन्स' ही संस्था १९७२ साली स्थापन झाली. पूर्ण करणे म्हणजेच जिंकणे, हे तिचे ब्रीद. तिच्याही आधी, १९५५ पासून, कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा पर्वत ओलांडून जाणारी शंभर मैलांची टेव्हिस कप शर्यत चालत आली आहे. तेथील दऱ्यांमधला उन्हाळा घोड्यांच्या जगात कुप्रसिद्ध आहे. आमची मजल अर्थातच तेथवर नाही. आम्ही त्याच पर्वताच्या पश्चिम पायथ्याशी, पंचवीस मैलांच्या शर्यतींत, बहुधा शेवटच्या दहांत असतो. शिवाय ज्या घोडीवर आम्ही बसतो ती आमची नव्हे. सत्तरी ओलांडलेल्या एका शेजारीणबाईंची ती राखाडी अरबी घोडी. त्यांचे गुडघे रिकिबीत पाय ठेवू देत नाहीत, म्हणून त्यांनी ती आमच्या स्वाधीन केली. मराठ्यांच्या घोडदळात स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, हा भेद आम्ही शाळेत पाठ केला होता. बारगीर असणे म्हणजे नेमके काय, ते मात्र तेथे गेल्यावर कळले. घोडा आपला असता तर त्याच्या हालांचा हिशेब आपण आपल्यापाशी मिटवून टाकू शकलो असतो. बारगिराला तो हिशेब रोज संध्याकाळी कोणाला तरी द्यावा लागतो.

हा हिशेब उन्हाळ्यात फार अवघड होतो, आणि त्याचे कारण घोड्याच्या घामात आहे. चालणाऱ्या स्नायूंत जी शक्ती खर्च होते तिचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून मोठा भाग उष्णतेत जातो. साडेचारशे किलोंच्या देहाला ती उष्णता बाहेर टाकायची, तर वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्र माणसापेक्षा बरेच कमी. म्हणून घोडा घामावर विसंबतो. कडक उन्हात, कष्टाच्या चालीत, ताशी दहा-पंधरा लिटरपर्यंत घाम त्याच्या अंगातून जाऊ शकतो. त्याच्या मानेवर आणि मांड्यांवर जो पांढरा फेस दिसतो, तो लॅथरिन नावाच्या प्रथिनामुळे येतो.

येथवर सारे ठीक. पण माणसाच्या घामात रक्ताच्या मानाने मीठ कमी असते. त्यामुळे घाम गेल्यावर आपले रक्त अधिक खारट होते, ते मेंदूला जाणवते आणि आपल्याला तहान लागते. घोड्याचा घाम जवळजवळ रक्ताइतकाच, किंबहुना काकणभर अधिकच खारट असतो. पाण्याबरोबर मीठही त्याच प्रमाणात निघून जाते. रक्त आटते पण खारट होत नाही, आणि तहानेचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचतच नाही. ज्या घोड्याला पाण्याची सर्वाधिक गरज आहे, तोच पाण्याच्या टाकीपाशी मान वर करून दूर डोंगराकडे पाहत उभा राहतो. म्हणून स्वार सफरचंदाच्या गरात क्षार कालवून पिचकारीने त्याच्या तोंडात घालतात, आणि खोगिराला दोरीने स्पंज बांधून ओढ्याओढ्याला तो भिजवून त्याच्या मानेवर पिळतात. मात्र पाणी मिळत नसेल तेव्हा नुसते क्षार चारणे घातक ठरते, हेही त्यांना ठाऊक असावे लागते.

आपल्या वाङ्मयात घोडा पुष्कळ आहे. पोवाड्यांत आहे, बखरींत आहे, ऐतिहासिक कादंबऱ्यांत तर पावलोपावली आहे. परंतु तो बहुधा धन्याच्या पराक्रमाचे विशेषण म्हणून येतो. त्यातही ज्याला परमगौरव मिळतो तो घोडा म्हणजे धन्याला पैलतीरी नेऊन स्वतः कोसळणारा. हळदीघाटीच्या आख्यायिकेतील चेतक हा त्याचा आदर्श. लहानपणी आमचेही डोळे ती कथा ऐकताना भरून येत. आता मात्र कोसळलेल्या घोड्याला स्वामिनिष्ठ म्हणताना आमची जीभ अडखळते. घोडा हा कळपाचा आणि पळण्याचा प्राणी. दुखणे लपवणे, कळपामागे न पडणे, हे त्याच्या रक्तात आहे. तो थांबत नाही याचा अर्थ त्याला पुढे जायचे आहे असा होतोच असे नाही. निष्ठा म्हणून ज्याचे आपण कौतुक करतो, ते पुष्कळदा स्वाराने न वाचलेले लक्षण असते. युद्धात त्याला इलाज नसेल. रविवारच्या हौसेच्या शर्यतीत तसे म्हणता येत नाही.

हे लक्षण स्वाराच्या प्रेमावर सोडायचे नाही, असे या शर्यतींनी ठरवले आहे, आणि त्यातच त्यांचे शहाणपण आहे. वाटेत आणि शेवटी पशुवैद्य उभे असतात. ते नाडी मोजतात. हिरडीवर बोट दाबून पांढरा पडलेला डाग किती वेळात पुन्हा गुलाबी होतो ते पाहतात. खांद्याशी कातडीची चिमूट धरून सोडतात आणि ती किती सावकाश बसते यावरून अंगातील पाण्याचा अंदाज घेतात. पोटाच्या दोन्ही बाजूंना, वर आणि खाली, नळी लावून आतड्यांचा आवाज ऐकतात. कारण उन्हात रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळते, आतडी ओस पडतात आणि तेथूनच जीवघेण्या पोटशुळाची सुरुवात होऊ शकते. मग नाडी घेऊन घोड्याला १२५ फूट दुडक्या चालीने नेऊन परत आणतात, आणि निघाल्यापासून मिनिटाच्या शेवटी नाडी पुन्हा मोजतात. दुसरा आकडा पहिल्याहून बराच चढला तर घोडा आतून थकला आहे असे समजायचे, चाल कितीही डौलदार असो. प्रत्येक गोष्टीला अक्षर मिळते आणि ती अक्षरे एका कार्डावर चढतात. ज्यांनी उमेदीची वर्षे कवितेच्या ओळी विद्यार्थ्यांसमोर उलगडण्यात घालवली, त्या आमच्यासारख्यांना हे वाचन प्रथम फार रुक्ष वाटले. पुढे त्यातील नीती ध्यानात आली. 'मला काय वाटते' याला येथे दुय्यम स्थान आहे, आणि 'येथे काय लिहिलेले आहे' याला पहिले.

एका जुलैतील गोष्ट सांगणे प्राप्त आहे. साडेसहाला शर्यत सुटली. पहिला फेरा पंधरा मैलांचा, दुसरा दहाचा, आणि साऱ्याला मिळून सहा तास. ओक वृक्षांची विरळ सावली, तांबडी धूळ, आणि आठ वाजताच पाठीवर हात ठेवल्यासारखे ऊन. सहाव्या मैलावरच्या ओढ्यात घोडीने खूर बुडवले, पाणी प्यायली नाही. अकराव्या मैलावरच्या टाकीत तिने नाक घातले आणि वर काढले. चाल मात्र सुरेख होती. कान पुढे, मान सैल. सव्वानऊला आम्ही तळावर आलो. एरवी पाच मिनिटांत ६० वर येणारी नाडी त्या दिवशी यायला चौदा मिनिटे लागली. वैद्यबाईंनी डाव्या बाजूला वरच्या अंगाला नळी लावून बराच वेळ ऐकले आणि पंचेचाळीस मिनिटांच्या सक्तीच्या विश्रांतीनंतर, निघण्यापूर्वी, घोडी पुन्हा दाखवण्यास सांगितले. त्या अवधीत घोडीने भिजवलेला कोंडा थोडा खाल्ला, बादलीभर पाणीही प्यायली. दुसऱ्या तपासणीत आकडे नियमात बसले. जायला मोकळीक मिळाली.

मोकळीक मिळाली आणि खरी पंचाईत तेथे झाली. नियमाने 'नाही' म्हटले असते तर प्रश्नच नव्हता. दहा मैल उरले होते, सव्वादोन तास हाती होते, आणि पारा ३४ अंशांवरून दुपारपर्यंत ३९ वर जाणार होता. बाई सावलीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. घोडी अठरा वर्षांची झाली होती. तिच्या नावावर आणखी एक पूर्ण शर्यत लागावी, आणि ती लागताना आपण तेथे असावे, ही त्यांची इच्छा आम्हांला ठाऊक होती. त्यांचा तो बहुधा शेवटचा हंगाम. आम्ही कार्ड त्यांच्या हाती दिले आणि पाणी न प्यायल्याच्या दोन्ही जागा सांगितल्या. त्यांनी कार्ड शेवटपर्यंत वाचले, उठल्या, आणि एक शब्द न बोलता घोडीचा तंग सैल केला. शर्यत तेथे संपली. नोंदवहीत स्वेच्छेने माघार अशी नोंद झाली. संध्याकाळी पाच वाजेपर्यंत आम्ही दोघे आळीपाळीने घोडीच्या कुशीला कान लावून बसलो होतो. पाचनंतर आतला तो गडगडाट चारही ठिकाणी नीट ऐकू येऊ लागला. मेघगर्जनेची वर्णने आम्ही पुष्कळ वाचली आहेत. इतका सुखाचा गडगडाट कधी ऐकला नव्हता.

येथे कोणी विचारील, आणि विचारावेच, की इतकी चिंता आहे तर उन्हात जाताच कशाला? या आक्षेपाला आमच्यापाशी पुरे उत्तर नाही, अर्धे आहे. उष्णता कशी मारते आणि घोडा कसा वाचतो, याचे पुष्कळसे ज्ञान अशा स्पर्धांच्या निमित्तानेच मिळाले. तापलेल्या घोड्यावर थंड पाणी ओतले की त्याचे स्नायू आखडतात, अशी पिढीजात समजूत होती. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकपूर्वी उष्ण-दमट हवेत घोड्यांवर जे संशोधन झाले, त्याने ती खोटी ठरवली. आता थंड पाण्याचा मारा हाच पहिला उपचार. पण दुसरी बाजूही आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेतील ट्रायन येथील जागतिक स्पर्धेत दीर्घ पल्ल्याची शर्यत उष्णता आणि दमटपणा यांमुळे मध्येच रद्द करावी लागली, आणि एका घोड्याला पुढे मूत्रपिंडाच्या विकारामुळे दयामरण द्यावे लागले. तेथेही वैद्य होते, आकडे होते, कार्डे होती. वाचणारे असूनही मजकूर हातचा निसटू शकतो. म्हणून मर्यादित पल्ल्याच्या नावातील पहिला शब्द आम्हांला अधिक मोलाचा वाटतो.

या जबाबदारीचा उच्चार मराठीत नवा नाही. चिपळूणनजीकच्या छावणीतील अधिकाऱ्यांना शिवछत्रपतींच्या दरबारातून गेलेले पत्र मराठी गद्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण बेहिशेब संपवू नका, नाही तर पुढे घोडी उपासाने मरतील आणि त्या मरणाचा दोष तुमचाच असेल, असा त्याचा आशय. त्या पत्रात घोड्याची स्तुती नाही, निष्ठेचे गहिवर नाहीत. आहे तो शिधा, हिशेब, आणि उत्तरदायी कोण याचा स्पष्ट निर्देश. घोड्यावरील प्रेमाचे याहून प्रामाणिक गद्य आमच्या तरी वाचनात नाही.

असो. शर्यतीहून परतलेले स्वार एकमेकांना "आम्ही पूर्ण केली" असे सांगतात आणि त्या 'आम्ही'त घोड्याला बिनदिक्कत धरतात. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत. 'आपण'मध्ये समोरच्याला सामील करून घ्यावे लागते, 'आम्ही'मध्ये बोलणारा आपल्या बाजूच्या कोणाच्याही वतीने बोलू शकतो, त्याची संमती न विचारता. घोड्याच्या वतीने उच्चारलेले प्रत्येक 'आम्ही' असे न विचारता उच्चारलेले असते. ते टाळता येईल असे आम्हांला वाटत नाही. पण निदान रेषेपलीकडे, कानात नळी घातलेला कोणी तरी तिसरा माणूस साठ म्हणेपर्यंत, ते तोंडातून काढू नये. तोवर पाणी ओतत, गप्प उभे राहावे.