संगणक घरचा कीं भाड्याचा?

संसारांत कोणती वस्तु घरची असावी व कोणती बाहेरून आणावी, हा विचार आपल्याकडे पूर्वापार चालत आला आहे. दळण घरच्या जात्यावरून गिरणींत गेलें, पाणी परसांतल्या आडावरून नळाला आलें. लोणच्याची बरणी व देव्हारा मात्र घरींच राहिले. आतां पाळी संगणकाची आहे. जुलै २०२५ मध्यें रिलायन्स जिओनें ‘जिओपीसी’ नांवाची सोय काढली. तींत टीव्हीचा पडदा, त्यास जोडलेली सेट-टॉप पेटी, कळफलक व माउस एवढेंच आपल्या घरीं असतें. लेखन, हिशेब इत्यादि सारें काम दूरच्या केंद्रांतील मोठीं यंत्रें करितात; त्याचें दर्शन तेवढें आपल्या पडद्यावर घडतें. त्याबद्दल वर्गणी द्यावयाची.

कल्पना नवी नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६४ सालीं सीडीसी ३६०० हा संगणक आला, तेव्हां निरनिराळ्या संस्थांचे संशोधक त्या एकाच यंत्रावर आपलीं गणितें करवून घेत. पुढें १९९६ च्या सुमारास अमेरिकेंतील ऑरॅकल कंपनीनें असेंच हलकें, केंद्रावर अवलंबून असणारें यंत्र पुढें आणिलें. परंतु त्या वेळच्या तारा मंद होत्या आणि स्वतंत्र संगणक स्वस्त होत गेले. त्यामुळें तो बेत फसला. आज तारा वेगवान झाल्या, म्हणून जुना प्रश्न पुन्हां दारांत उभा राहिला आहे.

आमच्या कुटुंबांत तो वादाचा विषय झाला, त्यास कारणहि तसेंच आहे. आम्ही साताऱ्यास व आमचे धाकटे बंधु सांगलीस राहतात. ऑगस्ट २०१९ मध्यें आयर्विन पुलापाशीं कृष्णामाई ४५ फुटांची धोक्याची खूण ओलांडून ५७ फुटांवर चढली, तेव्हां बंधूंचा तळमजला पाण्याखालीं गेला. माणसें सुखरूप राहिलीं, हे देवाचे उपकार. पण संगणक गेला, आणि त्यांत सांठविलेल्या, आमच्या कै. मातोश्रींच्या आवाजांतील जात्यावरच्या ओव्याहि गेल्या. तेव्हांपासून पुतण्या म्हणतो, “अण्णाकाका, आतां घरांत कांहींच ठेवायला नको. सगळें बाहेरच ठेवूं.” आमचे चिरंजीव म्हणतात, “अण्णा, वर्गणी थांबली, कीं आपल्याच वस्तूला आपण परके!”

दोघांचेंहि म्हणणें निराधार नाहीं. केंद्रांत यंत्र बिघडल्यास दुसरें लावणारे जाणते लोक असतात. कचेरींतहि असा मनुष्य नेमलेला असतो. घरीं मात्र तें काम सुट्टींत आलेल्या नातवाच्या गळ्यांत पडतें. शिवाय घरची पेटी मोडली तरी केंद्रांतलें लेखन शाबूत राहतें. उलटपक्षीं, वीज गेली कीं पडदा व वायफाय दोन्हीं एकदम जातात. बॅटरीवरचा लॅपटॉप निदान कांहीं वेळ लिहूं देतो. आणि वस्तु दुसऱ्याच्या हातीं असली म्हणजे त्याची मर्जीहि आलीच. जुलै २००९ मध्यें ॲमेझॉननें जॉर्ज ऑर्वेलचीं दोन पुस्तकें, तीं विकत घेतलेल्या वाचकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतलीं. पैसे परत दिले, पण अगोदर विचारलें नाहीं. गूगलनें दूरच्या यंत्रावर खेळ खेळण्याची ‘स्टेडिया’ ही सोय जानेवारी २०२३ मध्यें बंदच केली.

यावर आम्हीं उभयतांस सांगितलें तें असें. यंत्राचे श्रम भाड्यानें घेण्यास हरकत नाहीं. मुलांचा अभ्यास, पत्रें व घरखर्चाचा हिशेब एवढेंच काम असेल आणि तार भरवशाची असेल, तर मोठी रक्कम घालून यंत्र विकत घेण्याचें कारण नाहीं. परंतु जी वस्तु एकदां गेली असतां पुन्हां निर्माण होत नाहीं, ती एकाच ठिकाणीं ठेवूं नये. तें ठिकाण आपलें असो वा कंपनीचें. एक प्रत दूरच्या केंद्रांत, एक सांगलीस माडीवर व एक साताऱ्यास अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं, जेथें कृष्णेचा पूर पोहोंचत नाहीं, अशी व्यवस्था आम्हीं ठरविली आहे. दर दिवाळींत दोन्हीं घरें एकत्र जमतात, तेव्हां नव्या प्रती काढून त्या उघडून पाहावयाच्या.

सूनबाईंच्या जुन्या मोबाईलमध्यें मातोश्रींची एक ओवी शिल्लक सांपडली. तीन ठिकाणीं प्रथम तीच ठेविली. वाचकांनींहि आपापल्या घरीं असें काय आहे, याचा एकदां शोध घ्यावा. संगणक कोणता घ्यावा, हें मग ठरवितां येईल.