गोव्याला जाताय? जरा समुद्राकडे पाठ करूनही बघा

गोवा म्हटले की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे समुद्र आणि रंगीत टोप्या एवढेच येते. चार दिवस वाळूत बसायचे, पोरांना खारट पाण्यात बुडवून काढायचे आणि खिसा रिकामा करून परतायचे. त्यात वाईट काही नाही. वर्षभर कारखान्यात घाम गाळणाऱ्याने चार दिवस पाय पसरावेतच. पण किनाऱ्यापासून दोन तासांवर सह्याद्रीचे दाट रान उभे असताना ते न बघता यावे, याची हळहळ वाटते. म्हणून गेल्या हिवाळ्यात आमच्या विहारातली सात कुटुंबे मिळून मुद्दाम रानाकडे गेलो.

कोकण रेल्वेने करमळीला उतरलो. जवळच्या रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की चोडण बेट लागते. तिथे १९८८ पासून डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. आकाराने लहान, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटर. पण खारफुटीचे रान असे, की पोरे बोलायची थांबली. चिखलातून बोटांसारखी मुळे वर आलेली. खाऱ्या चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळे वर काढून श्वास घेते. मधूनच निवट्या उड्या मारतात. मासा असून चिखलावर चालतो! एकच आकडा मोठा असलेले खेकडे, खंड्या, बगळे, आणि तांबूस पंखांची, पांढऱ्या डोक्याची घार. पुस्तकात तिला ‘ब्राह्मणी घार’ म्हणतात. माणसाने आभाळातही जात नेऊन ठेवली! सलीम अली मुंबईत १८९६ साली जन्मले. विद्यापीठाची पदवी पदरात नसताना देशातल्या पक्ष्यांचा अभ्यास त्यांनी उभा केला, हे आपल्या मुलांना जरूर सांगावे.

दुसऱ्या दिवशी कुळे. इथून मोले अभयारण्यातून जीपने दूधसागरकडे जातात. धबधबा ३१० मीटर उंच आहे. पावसाळ्यात जीप बंद असतात. पावसात ओल्या गवतातले जीव पायाखाली चिरडू नयेत म्हणून तथागतांनी भिक्खूंना वर्षावास घालून दिला, त्याची आठवण झाली. पाण्यात उतरताना जाकीट घालाच, कातळ फार निसरडा असतो.

आमच्यातल्या एक मावशी मात्र सकाळपासून कुरकुरत होत्या. “अहो भाऊ, माझ्या आईचा जन्म रानात लाकडं वेचण्यात गेला. मोळी विकली तर चूल पेटायची. आता पैसे भरून रान बघायचं व्हय?” यावर कोणी काही बोलले नाही. बोलणार काय? बाबासाहेबांनी खेडे सोडा, शहराकडे चला म्हणून सांगितले ते उगीच नव्हे. आपल्या मागच्या पिढ्यांना रान म्हणजे वेठ आणि भूक, मौज नव्हे. पुढे एका झाडापाशी वाटाड्या सांगू लागला, हा माट्टी, गोव्याचा राज्यवृक्ष. मावशी पटकन म्हणाल्या, “हा तर ऐन! मगरीच्या पाठीसारखी साल बघा की.” मग किंजळ कुठला, कुंभा कुठला, हे पोरांना त्याच सांगत सुटल्या. वाटाड्याही ऐकत राहिला.

या रानात गवे आहेत, बिबटे आहेत, वाघही आहे. वाघाचे नाव निघाले की एक गोष्ट टाळता येत नाही. उत्तरेकडच्या म्हादई अभयारण्यात जानेवारी २०२० मध्ये एक वाघीण आणि तिची तीन पिल्ले मेलेली सापडली. त्यांना विष दिले होते. पकडले गेले ते गुरे राखून जगणाऱ्या एका घरातले लोक. वाघांनी त्यांची गुरे मारली होती. २०२३ साली उच्च न्यायालयाने हे रान व्याघ्र प्रकल्प जाहीर करण्याचा आदेश दिला, पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सम्राट अशोकाने राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षी पोपट, मैना, वटवाघळे अशा कितीतरी जिवांना अभय दिले आणि विनाकारण रान जाळू नये असे खांबावर कोरून ठेवले. वाघ जगलाच पाहिजे. पण ज्याची म्हैस गेली त्याच्या हातात भरपाई वेळेवर पडत नसेल, तर वाघ वाचवण्याची किंमत एकट्या गरिबानेच का मोजायची, हा प्रश्न शहरातल्या वाघप्रेमींना कोणीतरी विचारला पाहिजे.

एक दिवस हाताशी असेल तर मडगावहून केपेंमार्गे रिवण गाठा. जांभ्या दगडातली लेणी आहेत. अभ्यासक ती बौद्ध भिक्खूंची मानतात, गावकरी पांडवांची म्हणतात. लेणे दिसले की पांडव तिथे मुक्कामाला आलेच म्हणून समजा! पाली पंडित धर्मानंद कोसंबी १८७६ साली याच गोव्यात, साखवाळला जन्मले, हेही तिथे बसून मुलांना सांगता येते. त्याच भागात कुशावती नदीकाठी उसगाळीमळला उघड्या कातळावर बैल, हरणे आणि एक चक्रव्यूह कोरलेला आहे. गावच्या लोकांना तो ठाऊक होता. संशोधकांना १९९३ साली कळला. डबा बरोबर न्या. सकाळी लवकर किंवा उन्हे उतरताना पोचा, तिरप्या उजेडात रेषा ठळक दिसतात. आणि कातळावर चढण्याआधी चपला काढून ठेवा.