डेडस्टॉक

शाळेत नोकरी केलेल्या प्रत्येकाला ‘डेडस्टॉक रजिस्टर’ माहीत असतं. बाकं, फळे, नकाशे, पृथ्वीचा गोल, म्हणजे वापरून संपत नाही ते सगळं त्यात. वस्तू मोडली की तिचं ‘निर्लेखन’ करायचं, म्हणजे रीतसर ठराव करून नोंदवहीतून नाव काढायचं. छत्तीस वर्षं मी मराठी शिकवलं, पण हा शब्द मला कळला तो निवृत्तीच्या वर्षी.

२००८ साली पेठेतल्या आमच्या शाळेचा माध्यमिक विभाग बंद झाला. मुलंच उरली नव्हती. सगळ्यांत ज्येष्ठ म्हणून चार्ज देण्याचं काम माझ्याकडे आलं. यादीप्रमाणे सगळं मोजलं, पण प्रयोगशाळेतलं एक लोखंडी कपाट उघडेना. विज्ञानाचे सर तीन वर्षांपूर्वीच निवृत्त झालेले, किल्लीचा पत्ता नाही. “बाई, काय असणार त्यात? करा सही,” कुणीतरी म्हणालं. मी केली. वर लिहिलं होतं, ‘सर्व साहित्य प्रत्यक्ष तपासून ताब्यात दिले.’

मग दोन वर्षांनी, एप्रिल २०१० मध्ये, दिल्लीतल्या मायापुरीची बातमी वाचली. तुम्हालाही आठवत असेल. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६० वापरणारं एक जुनं यंत्र होतं. १९८५ पासून ते पडूनच होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये विद्यापीठाने ते लिलावात भंगार म्हणून विकलं. मायापुरीच्या भंगारवाल्यांनी ते तोडलं. कितीतरी जण आजारी पडले, एक कामगार दगावला. अशी वस्तू काढून टाकायची तर अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवावं लागतं. पण आत काय आहे हे ठाऊक असलेली माणसंच तिथे उरली नव्हती, तर कळवणार कोण?

बातमी वाचताना मला ते कपाट आठवलं. विज्ञानाच्या सरांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, “अहो बाई, त्यात बाटलीभर पारा आहे. आणि रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेलं सोडियम.” दुसऱ्या दिवशी रिक्षा करून शाळेत गेले. इमारत पाडून झाली होती. पत्रे लावलेले, आत खड्डा. पुढचे कितीतरी दिवस जुन्या बाजारावरून जाताना लोखंडी कपाट दिसलं की पाय थबकायचे.

हे आज लिहायचं कारण म्हणजे परवा एक माजी विद्यार्थी भेटायला आला होता. तारापूरच्या अणुवीज केंद्रात आयुष्य काढून आता तोही निवृत्त झालाय! मी विचारलं, “काय रे, अणुभट्टी कायमची बंद करायची म्हणजे गिरणीचा पट्टा उतरवण्यासारखंच ना?”

तो हसला. म्हणाला, “बाई, चुलीतलं लाकूड ओढलं तरी निखारे धगधगतच असतात ना, तसं आहे ते. भट्टी बंद केली त्या क्षणीसुद्धा मूळच्या सहा-सात टक्के उष्णता इंधनात निर्माण होत असते. ती हळूहळू उतरते, पण वर्षानुवर्षं पाण्यात ठेवून थंड करावं लागतं.”

जपानमध्ये मार्च २०११ ला हेच झालं. फुकुशिमाच्या चालू भट्ट्या भूकंप होताच आपोआप बंद पडल्या होत्या. पण त्सुनामीने वीज गेली, थंड करणारं पाणी थांबलं आणि ‘बंद’ भट्ट्यांमधलं इंधन वितळलं.

म्हणून भट्टी मोडीत काढायची तर आधी इंधन बाहेर काढतात. मग पोलादी सांगाड्यातली किरणं ओसरायची वाट पाहायची. त्यातलं कोबाल्ट-६० दर सव्वापाच वर्षांनी निम्मं होतं, म्हणजे पन्नास वर्षांत साधारण सातशेवा हिस्सा उरतो. ती वाट पाहणं हासुद्धा उपायच आहे. पण तेवढा काळ कुंपण हवं, पहारा हवा. वापरलेल्या इंधनात प्लुटोनियम असतं, त्यामुळे चोरीची धास्ती वेगळीच. पुढे तोडकाम सुरू झालं की रोज नवे कंत्राटदार, नवे मजूर. प्रत्येक पाइप, प्रत्येक नट मोजल्याशिवाय फाटकाबाहेर जाता कामा नये. म्हणजे वीज थांबली तरी डोळ्यांत तेल घालायचं काम संपत नाही, उलट वाढतं. आणि नेमकी तेव्हाच जुनीजाणती माणसं घरी जाऊ लागतात.

आपल्याकडे हा प्रश्न लांबचा नाही. तारापूरचे पहिले दोन संच १९६९ चे. २०२० मध्ये ते थांबवले, पण मोडीत काढण्यासाठी नव्हे, नूतनीकरण करून आयुष्य वाढवण्यासाठी. राजस्थानात रावतभाट्याचा पहिला संच मात्र २००४ मध्ये बंद पडला तो पुन्हा सुरू झालाच नाही. आपल्या मुलांना, नातवंडांना हे सगळं एकामागून एक निस्तरायचं आहे.

आणि यावर देखरेख कोणाची? नियामक मंडळ १९८३ साली सरकारी आदेशाने स्थापन झालं. ज्या अणुऊर्जा खात्याची केंद्रं तपासायची, त्याच खात्याचे सचिव ज्या आयोगाचे अध्यक्ष, त्या आयोगालाच हे मंडळ उत्तरदायी होतं. म्हणजे पेपर लिहिणाऱ्याच्या काकांनीच तपासनीस नेमल्यासारखं! २०१२ मध्ये महालेखापालांनी यावर बोट ठेवलं. शिवाय असंही नोंदवलं, की तीस वर्षं चाललेल्या आणि बंद पडलेल्या केंद्रांसह देशातल्या एकाही केंद्राकडे मोडीत काढण्याचा आराखडाच नव्हता. खर्चासाठी विजेच्या दरातून युनिटमागे दोन पैसे बाजूला काढले जातात, पण ते पुरतील का हे पाहण्याचा अधिकार मंडळाकडे नव्हता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा मंजूर करून मंडळाला वैधानिक दर्जा दिला. चांगलं झालं. पण कायदा झाला म्हणून कपाट उघडून पाहिलं जातंच असं नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक?

विद्यार्थ्याला मी शेवटी विचारलं, “तू चार्ज कसा दिलास रे?” तो म्हणाला, “बाई, तीन महिने माझ्या जागी येणाऱ्या पोराला बरोबर घेऊन हिंडलो. कागदावर नसलेलंही सगळं सांगितलं. कुठला व्हॉल्व्ह अडतो, कुठे पाणी झिरपायचं, सगळं.”

मला त्याचा अभिमान वाटला आणि थोडी लाजही वाटली. मी त्याला निबंध शिकवला होता. चार्ज कसा द्यावा ते त्याने मला शिकवलं.

काही गोष्टींचं निर्लेखन होत नाही. नोंदवहीतून नाव गेलं तरी त्या कुठेतरी असतातच. ते कपाट कोणाच्या हाती गेलं, मला आजही माहीत नाही. पण खाली सही माझी आहे.