समईच्या उजेडात

नेवाशातल्या पैस खांबाची छायाचित्रं मी तीन वर्षं काढत होतो, आणि तिन्ही वर्षं ती फसत होती. नेवासा माझं आजोळ. शके १२१२ मध्ये ज्ञानदेवांनी या खांबाला टेकून गीतेचा अर्थ सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला, हे आजीच्या मांडीवर ऐकलेलं. पुढे दुर्गाबाई भागवतांचं ‘पैस’ वाचलं. एवढं सगळं मनात घेऊन कॅमेरा लावला की चित्रात खांब उतरायचाच नाही, माझा भाबडेपणा तेवढा उतरायचा. ट्यूबलाइटच्या उजेडात दगड सपाट दिसायचा, कोरलेली अक्षरं बुजून जायची.

वाट दाखवली ती त्या अक्षरांनीच. खांबावरच्या लेखात अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. हे मला ठाऊक होतं, पण त्याचा माझ्या कामाशी संबंध लावायला तीन वर्षं गेली. या दगडाच्या ओळखीचा उजेड तेलाचा होता!

पुजाऱ्यांना विचारून एका पहाटे ट्यूब बंद केली आणि फक्त समई राहू दिली. कृष्णधवल फिल्म होती. मीटरने ३० सेकंद दाखवले. पण इतक्या कमी उजेडात फिल्म मंदावते, म्हणून शटर जवळपास दीड मिनिट उघडं ठेवलं. तेवढ्यात एक गृहस्थ आले, खांबाला हात लावून निघूनही गेले. फिल्म धुतली तेव्हा त्यांचा मागमूस नव्हता. बाजूने आलेल्या उजेडात अक्षरांच्या कडा मात्र उठून आल्या होत्या, आणि वरचा अर्धा खांब अंधारात विरत गेला होता. मला हवा होता तो हाच.

या चित्रासोबत प्रवरेकाठची आणखी सतरा चित्रं झाली. त्यातली काही लाडमोडच्या टेकाडाची, जिथे १९५४ पासून पुरातत्त्वज्ञ सांकलियांच्या चमूने उत्खनन केलं. पहिलं प्रदर्शन पुण्यात झालं. जाणकार आले, काळ्या रंगाच्या छटांवर, कागदाच्या पोतावर भरभरून बोलले. मी सुखावलो.

मग तीच चित्रं नेवाशात एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये टांगली. पहिल्या सकाळी दाराशी गेलो तर बाहेर चपलांची रांग. कोणी सांगितलं नव्हतं, तशी पाटीही नव्हती. आत माणसं अनवाणी हिंडत होती, हळू आवाजात बोलत होती. मीही बूट काढले.

खांबाच्या चित्रापुढे एक आजी बराच वेळ थांबल्या होत्या.

“लई अंधार ठेवलास रं बाळा.”

मी म्हटलं, “आजी, फक्त समईवर काढलाय.”

त्यांनी पुन्हा निरखून पाहिलं. “आन् समईत तेल कुनी घातलं व्हतं?”

चित्राखालच्या कार्डावर मी फिल्म लिहिली होती, लेन्स लिहिली होती, कागदाची जात लिहिली होती. तेल मी घातलं नव्हतं. त्या पहाटे माझ्याआधी कोण येऊन गेलं होतं, हे मी कोणाला विचारलंही नव्हतं.

“विचारून सांगतो,” म्हणालो, आणि संध्याकाळी हॉलला कुलूप लावून देवळाकडे निघालो.